ऑइलचा दिवा

रहिमतपूर मागे पडलं आणि उसाच्या ट्रकांनी उखडून टाकलेला रस्ता सुरू झाला. गाडी एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात उतरत असताना हंबीररावांना डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या खाली काहीतरी लाल दिसल्यासारखं झालं. नजर खाली नेली तोवर ते गेलं होतं. पुढच्या खड्ड्याला परत दिसलं. ऑइलचा दिवा.

त्यांनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. सतरा वर्षं ही फियाट त्यांच्या दारात होती आणि त्याआधी बावीस वर्षं त्यांनी फौजेत ट्रक हाकले होते. किल्ली फिरवली की हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. चालत्या गाडीत तो लागला तर इंजिनात ऑइलचा दाब राहिलेला नाही असं समजायचं. फौजेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, लाल दिसलं की आधी बंद कर, मग विचार कर.

विचार करायला बसल्यावर एकच गोष्ट पुढं येत होती. कालच त्यांनी गाडीचं ऑइल बदललं होतं. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा एकट्यानं बदललं होतं.

मागच्या सीटवरून थोरल्या बहिणीनं, अंबूबाईनं, का थांबलास म्हणून विचारलं. हंबीररावांची बायको तानुबाई गेल्यापासून ती माण तालुक्यातलं आपलं घर सोडून कोरेगावला भावापाशी येऊन राहिली होती. गाडीत ती कायम मागेच बसायची. पुढं डाव्या बाजूला जागा मोकळी असली तरी तिथं बसायची नाही. ती तानुबाईची जागा होती, आणि तानुबाईचा जीव तिथंच गेला होता.

हंबीररावांनी उतरून बॉनेट उघडलं. सीटखाली ठेवलेला फडक्याचा तुकडा काढला. तो तानुबाईच्या जुन्या लुगड्याचा होता, पण ते बघायची ही वेळ नव्हती. ऑइल मोजायची पट्टी ओढली, पुसली, परत घालून काढली. ऑइल दोन्ही खुणांच्या मधोमध होतं. मग कालचा पेपर इंजिनाखाली पसरला आणि पायजम्याची पर्वा न करता रस्त्यावर उताणे झाले. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट कोरडा. फिल्टरच्या कडेनं बोट फिरवलं, तेही कोरडं. पाच मिनिटांनी पेपर ओढून काढला तर त्यावर एक थेंब नव्हता.

परत किल्ली फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला. जसा विझायला पाहिजे तसाच.

"विझला न्हवं? मग चल की," अंबूबाई म्हणाली.

गाडी निघाली, पण हंबीररावांचं मन निघालं नाही.

कारण हे असं होतं. ऑइल बदलायचं काम त्यांच्या घरात दोघांचं होतं. ते गाडीखाली जायचे आणि तानुबाई चाकापाशी उकिडवी बसायची. घमेलं सरकवणं, पाना देणं, जुनं ऑइल अंगठ्या-बोटात घासून बघणं हे सगळं ती करायची. जुना फिल्टर निघाला की हंबीरराव तो न बघताच बाहेर द्यायचे. ती त्याच्या तोंडावरून बोट फिरवायची. तिथं रबराची एक चकती असते. ती कधी कधी फिल्टरबरोबर न निघता इंजिनालाच चिकटून बसते, आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकमेकांवर येतात आणि ऑइल बाहेर फेकलं जातं. म्हणून तानुबाई बोट फिरवायची आणि नुसतं म्हणायची, "हाय." ते ऐकू आलं की हंबीरराव नवा फिल्टर बसवायला घ्यायचे. सतरा वर्षं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ते रबर कधी बघितलं नव्हतं. त्यांना गरजच पडली नव्हती.

काल कुणी "हाय" म्हटलं नाही. आणि आपण स्वतः बघितलं की नाही, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं. जुना फिल्टर हातात घेतल्याचं आठवत होतं. तो बाहेर धरल्याचं आठवत होतं. कुणी घेतला नाही, म्हणून तो थोडा वेळ तसाच हातात राहिला होता. त्यापुढचं पुसलं गेलं होतं.

गळती नव्हती, म्हणजे रबराची चूक झाली नव्हती. हे डोक्याला पटत होतं. पण एकदा एक गोष्ट विसरली असेल तर दुसरीही विसरली असेल, हे मनाला सोडत नव्हतं.

आणि आजच्या दिवशी गाडीनं मान टाकून चालणार नव्हतं.

पंच्याण्णव सालच्या सुरुवातीला तानुबाई गेली. त्याआधी चौदा महिने हंबीरराव दर पंधरवड्याला तिला याच गाडीतून मिरजेच्या दवाखान्यात नेत होते. पहाटे निघायचं, संध्याकाळी परत यायचं. गाडी एकदाही बंद पडली नाही. शेवटच्या खेपेला परत येताना, ताकारी सोडून पाटाचा पूल ओलांडला आणि तानुबाईनं खिडकीला डोकं टेकलं. झोपली असेल म्हणून हंबीरराव बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांना कळलं. तरी त्यांनी गाडी थांबवली नाही. कुठे थांबवायची, आणि कुणाला काय सांगायचं? पासष्ट किलोमीटर तिला तशीच शेजारी घेऊन ते घरी आले.

बाराव्याला पलूसहून तिचा धाकटा भाऊ नानासो आला होता. जेवणं झाल्यावर माणसं ओट्यावर बसली होती, तिथं त्यानं विषय काढला. माणूस ज्या गाडीत जातं ती गाडी दारात ठेवू नये, सांगलीत आपल्या ओळखीचा एक जुन्या गाड्यांचा दलाल आहे, तो घेऊन जाईल. हंबीररावांनी विचारलं, ती खाटेवर गेली असती तर खाट विकली असती का? पुण्याहून आलेला मुलगा शिवतेज हळूच म्हणाला की आबा, अपशकुनाचं सोडा, पण आता तुमचं वय झालं, एसटी काय वाईट आहे. मग हंबीरराव उठून उभे राहिले होते.

"नानासो, वर्ष सरलं की संक्रांतीला ह्याच गाडीनं तुझ्या दारात येतो. तुझी भन दर संक्रांतीला आईला लुगडं न्यायची. ते लुगडं घेऊन येतो. गाडीनं वाटंत मान टाकली, ओढून आणाय लागली, तर किल्ली तुझी. आन् न्हाई टाकली, तर पुन्यांदा ह्या गाडीबद्दल कुणी तोंड उघडायचं न्हाई."

नानासोनं सगळ्यांच्या देखत मान हलवली होती. काल पलूसहून निरोपही आला होता, की या, वाट बघतो, सांगलीचा माणूसही संक्रांतीच्या निमित्तानं आलेला आहे. असा तो निरोप होता. म्हणून काल ऑइल बदलायचं होतं.

मसूर गेलं, कऱ्हाड गेलं. कृष्णेच्या पुलावर दिवा गप्प होता. शेणोलीच्या पुढे ऊसतोड जोरात चालू होती आणि रस्त्यावर पाचट पसरलं होतं. बैलगाड्यांच्या रांगेमागून हंबीरराव सावकाश चालवत होते. दिवा आता मधून मधून डोळा उघडत होता आणि मिटत होता. दर वेळी ते दात आवळायचे. इंजिनाचा आवाज ते पाठीनं ऐकत होते. ऑइल खरंच वर चढत नसेल तर आधी माथ्यावरचे टॅपेट वाजायला लागतात, बशीत चमचे वाजल्यासारखे. तसं काही नव्हतं.

अंबूबाई मागून मान पुढे काढून दिव्याकडे बघत होती.

"त्ये का लागतंय रं?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"कळंल."

"असं लागाय नको हुतं," ती पुटपुटली आणि परत मागे टेकली.

पाटाचा पूल आला. ताकारी अजून दीड-दोन किलोमीटर होती. पुलाच्या चढावर दिवा लागला आणि या वेळी विझला नाही. तसाच जळत राहिला.

हंबीररावांनी इंजिन बंद केलं. गाडी उताराला आपल्या वजनानं पुढे सरकली आणि बाभळीखालच्या एका पत्र्याच्या गॅरेजसमोर जाऊन थांबली. मागे अंबूबाईनं तोंडाला पदर लावला होता. "हितंच," ती म्हणाली, "हितंच तर ती..."

"आक्का, गप."

तिला गप्प केलं, पण त्यांना स्वतःलाही ते ठाऊक होतं. पूल तोच होता.

गॅरेजवाल्याचं नाव जोतिबा. चाळिशीचा, तेलकट बनियन घातलेला, ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. त्यानं हात पुसत पुसत विचारपूस केली. काल ऑइल बदललंय आणि आज दिवा लागलाय एवढं ऐकल्यावर त्यानं पुढचं फारसं ऐकलं नाही. पट्टी ओढून बघितली, ऑइल आहे म्हणाला. मग जुनी गाडी, जुनी बेअरिंगं, वर पातळ ताजं ऑइल, दाब कुठून राहणार, असं सांगायला लागला. इंजिन खाली उतरवावं लागेल. क्रँकची बेअरिंगं नवी घालावी लागतील. आठ दिवस गाडी इथंच ठेवा.

हंबीररावांनी सांगितलं की तेच ऑइल आहे, सतरा वर्षं घालतोय तेच. टॅपेट वाजत नाहीत. त्यांनी जोतिबाकडून एक लांब स्क्रूड्रायव्हर मागून घेतला, इंजिन अर्धा मिनिट सुरू केलं, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आतून एकसारखी टिकटिक येत होती. कुठे खडखड नव्हती, कुठे घासट नव्हती. त्यांनी मूठ जोतिबाच्या कानाला लावली.

जोतिबानं ऐकलं आणि मान हलवली. "कानानं दाब मोजत न्हाईत, आबा. दिवा खोटं बोलतोय व्हय?"

"दिवा खोटं बोलत नसंल. पर दिव्याला कोन सांगतंय, ते बगाय पायजे."

जोतिबा हसला. पाव्हणं कुठले, कुठं निघालात, हे त्यानं आता विचारलं, आणि नानासोचं नाव निघाल्यावर त्याचा चेहरा उजळला. नानासोंचा ट्रॅक्टर त्याच्याच हातातला होता. मग कशाला काळजी, तो म्हणाला. मागे कारखान्याची खेप करून आलेला ट्रॅक्टर उभा आहे, दोर आहे, पलूस इथून बारा किलोमीटर. "तुमास्नी ओढत न्हेतो आन् बरोब्बर नानासोंच्या दारात सोडतो. काय म्हंता?"

दोर आणायला तो वळलाही.

हंबीरराव उभे राहिले. जन्मात कुणी त्यांना एवढ्या चांगल्या मनानं एवढं वाईट काही देऊ केलं नव्हतं. नानासोचं दार, पुढं ट्रॅक्टर, मागं दोराला बांधलेली फियाट, आणि दारात सांगलीचा माणूस. ते चित्र त्यांना अगदी लख्ख दिसलं.

"दोर ठेव तिथं," ते म्हणाले.

आता जे करायचं होतं ते त्यांना मसूरपासूनच माहीत होतं. फिल्टरच्या वर, इंजिनाच्या अंगाला एक लहान बटणासारखा स्विच असतो. ऑइलचा दाब कमी झाला की तो दिव्याला कळवतो. त्याच्यावरून एकच वायर निघते आणि दिव्याकडे जाते. ती वायर स्विचवरून ओढून काढायची आणि किल्ली फिरवून बघायचं. दिवा विझला, तर स्विच खरं बोलत असेल आणि इंजिनात दोष असू शकतो. वायर काढूनही दिवा जळतच राहिला, तर इंजिनाचा त्यात हात नाही, वायरच मध्ये कुठंतरी गाडीच्या पत्र्याला लागली आहे. दोन मिनिटांचं काम. तरी सकाळपासून त्यांनी ते केलं नव्हतं. दाब मोजायला घड्याळ नाही, पक्कड सापडत नाही, इंजिन गार होऊ दे, अशी कारणं ते स्वतःला देत राहिले होते. खरं कारण एकच. दिवा विझला असता तर चूक आपल्या हाताची आहे, तानुबाईशिवाय आपल्याला साधं ऑइलही बदलता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

"बगू दे मग," ते स्वतःशीच म्हणाले. "हुईल ते हुईल."

त्यांना बॉनेटपाशी थांबायचं होतं आणि दिव्याकडे कुणीतरी बघायला हवं होतं. जोतिबा पुढे आला, पण हंबीररावांनी त्याला थांबवलं. त्याला इंजिन उतरवायचं होतं. त्यानं खोटं सांगितलं असतं असं नाही, पण आज त्यांना त्याचे डोळे नको होते.

"आक्का, फुडं यिऊन बस. किल्ली फिरीव आन् मला सांग, दिवा हाय का ग्येला."

"फुडं?"

"मागनं किल्लीला हात पोचत न्हाई."

अंबूबाई गाडीतून उतरली, पुढचं डावं दार उघडून उभी राहिली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. हंबीररावांनी घाई केली नाही. जोतिबाला काही कळत नव्हतं, तो दोर हातात धरून बघत होता. मग म्हातारीनं पदर खोचला, एक हात दाराला आणि एक हात सीटला धरला आणि आत बसली. हात लांब करून किल्लीपर्यंत पोचली.

हंबीररावांनी चिमटीत धरून वायर स्विचवरून ओढली. ती सुटली. हातात वेगळी धरून त्यांनी ती वर केली, जोतिबालाही दिसेल अशी.

"फिरीव."

किल्लीचा आवाज झाला. मग काही नाही. रस्त्यानं एक बैलगाडी घुंगरं वाजवत गेली.

"आक्का?"

"हाय," अंबूबाई म्हणाली.

हंबीररावांनी डोळे मिटले. वर्षभर ज्या एका शब्दावाचून ते अडले होते, तो आतून तसाच आला होता, तेवढाच लहान.

"नीट बग. अजून हाय?"

"हाय की. लाललाल जळतंय."

त्यांनी वायरीचं सुटलेलं टोक जोतिबाच्या नाकासमोर धरलं. इंजिनाचा आणि दिव्याचा संबंध मी तोडलाय, ते म्हणाले, आता सांग, कुठल्या बेअरिंगाची गोष्ट करतोयस? जोतिबानं वायरीकडे बघितलं, बॉनेटखाली बघितलं आणि दोर जमिनीवर ठेवला. वायर बॉडीला लागलीय, तो म्हणाला. मग त्यानं स्वतःहून टॉर्च आणला आणि आत उजेड धरला. माणूस वाईट नव्हता.

वायर स्विचपासून खाली जात होती, बॅटरीच्या मागून वळत होती आणि मडगार्डच्या आतल्या बाजूनं पत्र्याला धरून वर चढत होती. हंबीररावांची बोटं तिच्यावरून सरकत गेली. बॅटरीच्या मागं, जिथं हात कष्टानं पोचतो, तिथं बोटांना एक गाठ लागली. लोखंडी तार. पिळून पिळून घट्ट केलेली. पत्र्याच्या कडेला आणि वायरीला मिळून एकत्र आवळलेली. वायरीवरचं जुनं आवरण उन्हातान्हानं कडक झालं होतं. तार खड्ड्याखड्ड्याला ते कापत कापत आत शिरली होती. आणि तारेला खाली काहीतरी लोंबत होतं.

जोतिबानं पक्कड दिली. हंबीररावांनी तार तोडली आणि ते बाहेर काढलं. काळ्या चिंधीत बांधलेला बिब्बा, त्याच्याखाली एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या. लिंबू अजून ताजं होतं.

शनिवारी गाड्यांना बंपरला लिंबू-मिरची बांधतात हे सगळ्यांनाच माहीत. पण तानुबाई असेपर्यंत हंबीररावांच्या गाडीला ती कधी लागली नव्हती. गाडीला ऑइल लागतं, मिरची लागत नाही, असं तानुबाई म्हणायची. आणि ती गेल्यावर अंबूबाईनं दोनदा बांधली तेव्हा हंबीररावांनी दोन्ही वेळा तोडून उकिरड्यावर टाकली होती.

ते पुढच्या दारापाशी गेले आणि ती माळ खिडकीतून तिच्यासमोर धरली.

"कवा बांधलीस?"

अंबूबाईनं नजर वळवली नाही. काल, ती म्हणाली. तू आंगुळीला ग्येलास तवा. बॉनेट उघडंच होतं. बंपरला बांधली की तू तोडतोस, म्हणून आत बांधली, कुणाला दिसणार नाही अशी. दोऱ्यानं सुटली असती, म्हणून तारेनं बांधली. पक्कड तुझीच घेतली.

"गाडी खराब हाय म्हनून बांधलीस? नानासोगत?"

"गाडी खराब हाय असं मी कवा म्हटलंय?" तिचा आवाज चढला. "नानासो म्हनतोय. मी न्हाई. तिला गाडीनं न्हेलं न्हाई, दुखण्यानं न्हेलं, मला कळत न्हाई व्हय? पर तू वरीसभर ह्यात एकटाच फिरतूस. सांच्याला यायला उशीर झाला की मी दारात हुबी ऱ्हाते. तुला कुणी सांगायची सोय न्हाई. मग काय करू? तुला राखाय नको का कुणी?"

हंबीरराव माळ हातात धरून उभे राहिले. रागवायचं त्यांनी ठरवलं होतं. सकाळपासून ज्या दिव्यानं त्यांचं काळीज खाल्लं होतं, तो त्यांना राखण्यासाठी बांधलेल्या तारेनं लावला होता. राग कुणावर काढायचा ते त्यांना समजेना.

शेवटी त्यांनी लोखंडी तार सोडवून काढली आणि पाटात भिरकावली. बिब्बा, लिंबू आणि मिरच्या अंबूबाईच्या मांडीवर ठेवल्या.

"राखायचं असंल तर हातात धरून राख. वायरीला हात लावायचा न्हाई."

ती मागे जाण्यासाठी उतरू लागली. त्यांनी दार बाहेरून लावून घेतलं.

"हितंच बस. मागनं राखण हुत न्हाई."

जोतिबानं वायरीच्या कापलेल्या जागेवर काळी टेप गुंडाळली, चांगले चार वेढे, आणि वायर परत स्विचवर बसवली. हंबीररावांनी किल्ली फिरवली. दिवा लागला. इंजिन सुरू झालं. दिवा विझला. इंजिन चालू ठेवून ते दहा मिनिटं तसेच बसले, पाय दाबून बघितला, सोडून बघितला. दिवा मेल्यासारखा गप्प होता. जोतिबा म्हणाला, आबा, इंजिन झकास आहे, खोटं कशाला बोलू. हंबीररावांनी त्याला पिशवीतले दोन तिळाचे लाडू दिले आणि सांगितलं की नानासो भेटला तर जे बघितलंस तेच सांग, जास्त नको आणि कमी नको.

पलूसला पोचायला दुपार झाली. नानासो दारात उभाच होता आणि त्याच्याशेजारी पांढऱ्या सफारीतला एक माणूस काखेत चामडी पाकीट धरून उभा होता. हंबीररावांनी गाडी सावलीत लावली नाही. सरळ दारासमोर, रस्त्याकडे तोंड करून लावली.

नानासोनं दाजींना नमस्कार केला, पाणी मागवलं आणि मग घड्याळाकडे बघितलं. सकाळी नऊला निघालात ना, तो म्हणाला. साडेबाराला पोचायला पाहिजे होतं. आता दोन वाजले. ताकारीच्या पलीकडे तुमची गाडी बॉनेट उघडून उभी होती, असं कारखान्यावरून आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं.

"थांबली हुती न्हवं, दाजी?"

सगळी दारातली माणसं हंबीररावांकडे बघत होती. खोटं बोलायची त्यांना गरज नव्हती.

"मी थांबवली हुती. दोनदा थांबवली. ती थांबली न्हाई. ती कवाच थांबली न्हाई, नानासो. वर्साखाली बी न्हाई, आज बी न्हाई. दोर लावला का कुणी, ते इचार जोतिबाला."

नानासो बोलण्याच्या बेतात होता, तेवढ्यात पांढरी सफारी गाडीकडे गेली. आता आलीच आहे दारात तर बघून ठेवतो, बघायला काय जातंय, असं म्हणत त्या माणसानं बॉनेटवर थापट्या मारल्या, चाकाला पायाची ठोकर दिली आणि पुढचं डावं दार उघडायला हात घातला.

दार आतून घट्ट धरलेलं होतं. अंबूबाई उतरलीच नव्हती. तिनं खिडकीची काच खाली केली.

"आवं आजी, उतरा की जरा," तो म्हणाला. "सीट बगू द्या."

"ह्या सीटवर माझी भावजय बसायची," अंबूबाई म्हणाली. "हितंच ग्येली ती. आता मी बसलेय. तुमी जाईस्तवर मी उतरत न्हाई."

आणि तिनं मांडीवरची काळी चिंधी उचलून खिडकीत धरली, बिब्बा आणि सात मिरच्यांसकट, त्याच्या तोंडासमोर.

सांगलीचा माणूस एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. त्यानं नानासोकडे बघितलं, नानासोनं जमिनीकडे. एसटीची वेळ झाली असं काहीतरी म्हणून तो माणूस पाकीट सावरत स्टँडच्या बाजूला निघाला. कोपऱ्यावरून वळेपर्यंत अंबूबाईनं हात खाली घेतला नाही.

घरातून नानासोची नव्वदीची आई, धोंडुबाई, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत आली होती. तिला फारसं दिसत नव्हतं. कुणाची गाडी, तिनं विचारलं. माझ्या तानूची का?

"व्हय, आत्या," हंबीरराव सासूला म्हणाले. "तिचीच."

त्यांनी मागच्या सीटवरून लुगड्याची घडी काढली आणि आत गेले. जाताना नानासोच्या समोर त्यांनी किल्ली खिशात टाकली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.